सकाळचे नग

घोटी
२८ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वला हिस,
अ. उ. आ.

फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. मागच्या खेपेला तू म्हणे ताप आलाय म्हणालीस आणि मी तुला जावई कोण मिळाला ते विचारत बसले. म्हणून पत्रच बरं. कानाचं यंत्र नुसतं शिट्ट्या मारतं.

सोमनाथचा टेम्पो तांदूळ घेऊन तुमच्याकडे येतोय, त्याच्याबरोबर एक जाकीट पाठवते. मी हातानं शिवलंय, आत कापूस भरून. शिवण जाड आहे, उसवून बघू नकोस, मला पुन्हा तशी जमायची नाही. डोळे गेले आता. कामावर घालत जा. घरी घालून काय उपयोग, थंडी तुला कारखान्यात वाजते. अंगणवाडीत होते तेव्हा पोरांना बजावत असे, तसंच बजावते.

तुझ्या राशीला साडेसाती आहे. तू मानत नाहीस, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

सोमनाथ विचारतो, समुद्र तिकडे आणि तू नाशकात अंबडला बसून जहाजांचं काय करतेस. मलाही नीट सांगता येत नाही. कळव.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढवावा.
तुझी आत्या,
कुसाबाई

*

नाशिक
१२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

जाकीट मिळालं. माझी तपासणीची खोली पत्र्याची, सकाळी आठला बोटं वाकत नाहीत. तेव्हापासून ते अंगात असतं. दुपारी ऊन चढलं की बाहेर खुंटीला लावते. मालनबाई, आमच्या पॅकिंगच्या, म्हणाल्या की मॅडम जाकिटात पहिल्यांदाच कुणाच्यातरी घरच्या वाटतात. स्तुती समजून घेतली.

सोमनाथला सांग : समुद्राच्या तळाशी पेरलेल्या सुरुंगाला डोळे नसतात. वरून लोखंडाचं धूड गेलं की त्याचं चुंबकत्व त्याला जाणवतं आणि तो फुटतो. काही टॉर्पेडोही तसेच जहाजाच्या बुडाखाली येऊन फुटतात. म्हणून जहाजाच्या पोटात आतून जाड केबलचे वेढे फिरवतात आणि त्यांतून वीज सोडतात. त्यानं जहाजाचं चुंबकत्व झाकलं जातं. त्या केबल धरून ठेवणारे काशाचे क्लॅम्प आम्ही करतो. त्यांत लोखंडाचा कणही चालत नाही. प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. मी तो मीटरखाली धरते आणि पास की नापास ते ठरवते.

सध्या एक कटकट झाली आहे. नग शेवटी तारेच्या ब्रशनं घासतात. ब्रश पितळी तारांचाच हवा. लोखंडी ब्रश भरभर चालतो, पण त्याचे कण नगाला चिकटतात. घासायला दोघं आहेत, मल्हारी आणि हिरामण. मल्हारीचे नग सकाळी येतात, हिरामणचे जेवणानंतर. गेला आठवडाभर मल्हारीचे नापास होत आहेत. हिरामणचे सगळे पास. मी मीटर तपासलं, वायर तपासल्या, टेबलाचे स्क्रूसुद्धा तपासले. अन्याय नको म्हणून नापास नग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजले. पुन्हा तेच. मग माणूस उरला.

काल सगळ्यांसमोर त्याला विचारलं. तो म्हणाला की त्यानं पितळी ब्रशच वापरला. मी म्हटलं की मीटर खोटं बोलत नाही. बारा वर्षांचा जुना माणूस आहे, मला वाईट वाटलं. पण जहाजावर शे-दीडशे माणसं असतात आणि त्यांना मल्हारी कोण ते माहीत नसतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तब्येतीला जप. माया आहे तशीच असू द्यावी.
तुझी,
उजू

*

घोटी
२२ डिसेंबर २०२५

चि. उज्वला हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. सुरुंगाचं सोमनाथला वाचून दाखवलं, तो आता गावभर सांगत फिरतोय की माझी बहीण जहाजं गायब करते.

एक अडाणी प्रश्न विचारते, हसू नकोस. तुझ्या त्या मीटरला लोखंड फक्त नगातलंच कळतं, की जवळपास असलेलं पण? म्हणजे माणसाच्या अंगावर असलं तर? अगदी बोटाच्या पेराएवढं असलं तर?

आणि तो मल्हारी कुठला? नाव ऐकल्यासारखं वाटतं. त्याचं पुढं काय झालं ते लगेच कळव.

थंडी कमी झाली असेल तर जाकीट घरी ठेवलंस तरी चालेल. मी रागावणार नाही.

उत्तराची वाट बघते.
आत्या

*

नाशिक
२ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न अजिबात अडाणी नाही. आमच्याकडे नव्या इंजिनिअरांनासुद्धा सुचत नाही. अंगावरचं लोखंडही कळतं. म्हणून आम्ही मोबाईल, किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना सगळं दाराबाहेर ठेवतो. मी रोज खिसे उलटे करून आत जाते.

मल्हारीला सोमवारपासून कामावर येऊ नको सांगितलं. नापासाच्या शेऱ्यावर सही माझी होती. ‘चुकीचा ब्रश वापरल्याचा संशय’ असं लिहून मग ‘संशय’ खोडावा का, यावर मी बराच वेळ घालवला आणि ठेवला. त्या एका शब्दानं माझं मन हलकं झालं. त्याला त्याचा काय उपयोग झाला, कुणास ठाऊक. जाताना त्यानं मला नमस्कार केला. त्यानं शिवी दिली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

तो तुमच्याच बाजूचा, घोटीच्या पुढच्या पाड्यावरचा. घरी आई आहे, सुलाबाई. पण तू त्यात पडू नकोस.

थंडी कसली कमी होते, उलट वाढलीय. जाकीट अंगात आहेच.

कृपा असावी.
उजू

*

घोटी
१० जानेवारी २०२६

चि. उज्वला हिस,
आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

जाकिटाच्या डाव्या खांद्यात, कापसाच्या आत, काळ्या घोड्याच्या नालेचा तुकडा आहे. शनिवारी बाजारातून आणला आणि शिवला. तू अंगठी घातली नसतीस. मला वाटलं, तुला कळणारही नाही आणि तुझी साडेसाती निभावून जाईल. कामावरच घाल म्हणून मीच बजावलं होतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून तो प्रश्न विचारला. तुझं उत्तर आलं तेव्हा लगेच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. आधी मल्हारीच्या घरी गेले. तांदूळ घ्यायचाय असं सांगून गेले. त्यांना सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.

मल्हारी शेतावर होता. सुलाबाईनं चटई टाकली, चहा दिला. कोण कुठली विचारलं, तर मी तुझी आत्या हेही सांगितलं नाही. तीच आपणहून सांगत बसली की पोरगा कामावरून सुटला. मी म्हटलं, त्याची चूक नसेल. तर म्हणते कशी, त्या बाईचं काय चुकलं, आमचाच घाईचा हाय, लहानपणापास्नं. म्हणे त्याला तिनं चार दिवस समजावलं की कबूल कर, बाईचे पाय धर, घेतील परत. तो नाय म्हणतो.

उजू, त्याची आई त्याला खोटा समजते आणि मी तिथं बसून चहा प्याले. कप रिकामा करून उठले.

तू जे बोलशील ते मला बोल.
आत्या

*

नाशिक
१४ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवलेला नाही, हे रागानं नाही, सुचलं नाही म्हणून.

उसवून बघितलं. तुकडा निघाला. सकाळी आठला मल्हारीचे नापास नग जाकिटाशिवाय मोजले. सगळे पास. मग जाकीट घालून मोजले. सगळे नापास. नगावर वाकले की माझा डावा खांदाच मीटरजवळ येतो. सकाळी मला थंडी वाजते आणि दुपारी वाजत नाही, मल्हारी आणि हिरामण यांच्यातला फरक एवढाच होता.

तुझ्यावर रागवायचं ठरवून कागद घेतला होता, पण राग तिकडे जाईना. तू तुकडा शिवलास. त्याला खोटं मी म्हटलं. मी टेबलाचे स्क्रू तपासले, स्वतःला मीटरसमोर उभं केलं नाही. न्याय म्हणून पुन्हा त्याच वेळी मोजले, म्हणजे तीच चूक पुन्हा मोजली. एकदा फक्त दुपारी मोजायला हवं होतं. आणि जहाजावरची माणसं वगैरे मी तुला लिहिलं, ते आता आठवायलाही नको वाटतं. जहाजासाठी कडक राहिले असते तर आधी स्वतःवर राहिले असते. मला सापडलेला माणूस सोयीचा होता.

साहेबांना दुपारीच सांगितलं. ते म्हणाले की त्याला गुपचूप परत बोलवा, मीटरमध्ये बिघाड होता म्हणून सांगा, तुमचीही अब्रू राहील. मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर खरं सांगितलं, कारण आरोपही सगळ्यांसमोर केला होता. मग हिरामण म्हणाला की शनी बरोबर निघाला होता, फक्त मॅडमच्या ऐवजी मल्हारीच्या घरी उतरला. सगळे हसले. मालनबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की आता मॅडमला पास-नापास कोण करणार.

रविवारी पाड्यावर येते. तू बरोबर चल. तुझं नाव मी सांगणार नाही, ते तू सांगायचंस.

उजू

*

घोटी
२० जानेवारी २०२६

चि. उज्वला हिस,
अ. उ. आ.

परवा तू आणि मल्हारी रस्त्यापर्यंत बोलत गेलात, मी सुलाबाईपाशी मागे राहिले. तुला तिच्या बोलण्यातलं निम्मंच ऐकायला मिळालं.

नालेचं ऐकून ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं की रास कोणती. मग म्हणाली, मी बी शिवला असता. त्यावरून ती मला एक शब्द बोलली नाही. पण तुम्ही दोघं गेल्यावर म्हणाली की आमच्या पोराला मीच लय बोलले. बाईनं तर एकदाच खोटं म्हटलं, मी रोज म्हटलं. एवढं बोलून गोठ्यात गेली ती मी निघाले तरी बाहेर आली नाही. मी दारातून हाक मारली. तिनं ऐकली असणार, बहिरी मी आहे, ती नाही.

मल्हारी रस्त्यात तुला काय म्हणाला? तो कामावर आला का?

वाट बघणारी,
आत्या

*

नाशिक
८ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

उशीर झाला. तू जे विचारलंस त्याचं उत्तर लिहायचं टाळत होते.

मल्हारी कामावर आला. पगार पूर्ण मिळाला, शेरा रद्द झाला, खाली मी कारण लिहून सही केली. ‘संशय’ या शब्दाच्या जागी माझं नाव आहे. पहिल्या दिवशी पॅकिंगमधल्या बायकांनी त्याला जिलेबी दिली आणि मलाही दिली. मी घेतली. नाही म्हणणं म्हणजे आणखी एक नाटक झालं असतं.

रस्त्यात मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की असू दे मॅडम. बस दिसायला लागली तेव्हा म्हणाला की तुम्ही आलात ते बरं झालं, कारण मलाच वाटायला लागलं होतं की माझ्या हातून झालं असेल. आधी तो आठवून बघायचा तेव्हा हातात पितळी ब्रश दिसायचा. मीटर म्हणतं, मॅडम म्हणतात, आई म्हणते, म्हणून तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला, आणि एके दिवशी आठवणीतल्या हातात लोखंडी ब्रश दिसला. आता खरं कळलं तरी तोच ब्रश दिसतो म्हणाला. जाईल का, असं त्यानं मला विचारलं. मी मोजमापाची बाई, मला वाटलं होतं की आकडा खोडला की काम झालं. मी म्हटलं, जाईल. हेही मी न तपासताच म्हटलं, आत्या.

पूर्वी तो सकाळी नगांचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मागे वळून न बघता जायचा. आता ठेवतो आणि थांबतो. मी एकेक नग मीटरखाली धरते, तो मीटरचा काटा बघत उभा राहतो. शेवटचा नग पास झाला की मानेनं बरं म्हणतो आणि जातो. थांबायची गरज नाही असं मी एकदा सांगितलं. तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी थांबला. आता मी सांगत नाही. मोजताना घाई करत नाही आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचते.

तुझ्या हातचं जे असेल ते पाठव, पण शिवलेलं नको. आपला लोभ माझ्याहून शहाणा राहो.
तुझीच,
उजू