झाकणावरचं कुंकू

उंब्रज, मंगळवार

फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांचा लॅपटॉप चालू झाला. तीन दुकानांनी "बोर्ड गेला" म्हणून परत दिलेला. मी उघडला तर पॉवरच्या बटणाखाली कुंकू. खंडेनवमीच्या पूजेत ओलं कुंकू आत उतरलं आणि बटण चिकटून बसलं. ब्रश, स्पिरिट, अर्धा तास. कुठल्या क्लासात शिकलो नाही, पण माझा हात चुकत नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. झाकणावर कुंकवाचं एक बोट उमटलं होतं. त्यानं काही बिघडलं नव्हतं. पण माझ्या दुकानातून डाग घेऊन मशीन बाहेर जात नाही ना! पुसलं. पुसताना बोटाच्या रेघासुद्धा दिसल्या होत्या मला.

पाच वाजता सुभेदार पाटणहून आले. स्क्रीन उजळली, तिकडं त्यांनी बघितलंच नाही. झाकण मिटलं, त्यावर हात फिरवला.

"गड्या, हितं कारभारणीचं बोट हुतं. 'तुमची बंदूक सरकारनं घेतली, आता ह्येचीच पूजा,' म्हणून हसली हुती. दिवाळीआधी गेली. पुसलंस का रं?"

"आवं न्हाई. आलं तवा झाकण कोरंच हुतं."

का बोललो असं? एक बोट, आणि माझी जीभ अशी सटकली.

त्यांनी झाकण पुन्हा न्याहाळलं. मग म्हणाले, "मग मीच पुसलं आसंल. लय इसरतो हल्ली."

जाताना त्यांनी शाबासकी म्हणून माझी पाठ थोपटली. तो हात पाठीवरून अजून उठलेला नाही.