तीन बाटल्या आणि ताईचं नाक

ता. २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत तीन बाटल्या. तिन्ही एकाच मळ्यातल्या काळ्या द्राक्षांच्या. हसू नकोस, काळ्या द्राक्षाचा रसही पांढराच असतो, रंग सगळा सालीत. पहिलीचा रस तोडणीच्याच दिवशी पिळून सालींपासून वेगळा केला, म्हणून ती पांढरी. दुसरीत साली एक रात्र राहिल्या, ती गुलाबी. तिसरी लाल.

तिघींची तुलना करून मालकांना लिहून द्यायची आहे आणि मला वास येत नाही. आमची ही गेली त्या आठवड्यापासून, म्हणजे वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, नाक ठणठणीत आहे. वाइन करणाऱ्याला वासच येत नाही हे मालकांना कळलं तर नोकरी गेलीच. दोन घरं पलीकडे कुणाचं दूध करपलं ते तू लहानपणी अंथरुणातून सांगायचीस. तेव्हा तूच हुंगून कळव. बाकी ठीक. जेवतो, झोपतो.

लोभ कमी करण्यासारखं अजून तरी काही केलेलं नाही.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेहुण्यांनी तिन्ही एकाच पेल्यातून घेतल्या, तिन्ही उत्तम असा निकाल दिला आणि चौथी आहे का विचारलं. त्यांचं धरू नकोस. ते माझ्या स्वयंपाकालाही उत्तम म्हणतात.

पांढरी: हिरवं सफरचंद आणि नुकतीच पुसलेली ओली पाटी. गुलाबी: कलिंगडाचा सालीजवळचा फिका भाग, गोड बोलते, पण मुद्द्यावर येत नाही. लाल: मिरी, जुनं चामडं, दप्तराचा आतला भाग. आणि मग मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही. आई गेली तेव्हासुद्धा मी नर्सशी भांडत होते. काय घातलंस रे त्यात?

जेवतोस म्हणजे काय जेवतोस, तेही लिही. माया आहेच, बडबडही आहे.
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या अक्षरात उतरवून दिलं, रडणं वगळून. मालक इतके खूश, की येत्या शनिवारी पाहुण्यांसमोर मी काळ्या पेल्यांतून, रंग न बघता, तिन्ही ओळखून दाखवणार असं त्यांनी जाहीरच करून टाकलंय.

लालमध्ये काही घातलं नाही. तीही गुलाबीच व्हायची होती. सकाळी साली काढायच्या, त्याआधीच हॉस्पिटलमधून हिच्याबद्दल फोन आला. टाकीची आठवण मला नऊ दिवसांनी झाली.

तू रडलीस ते बरं झालं. घरातलं कुणीतरी रडायला हवंच होतं. मला जमलेलं नाही. शनिवारसाठी काही युक्ती असेल तर सांग. जेवण म्हणजे पाव.

लोभ ठेव.
धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

युक्ती एकच: खरं सांग. नाक उसनं दिलं, भावजयीसाठी तुझ्या वाटचं रडूनही झालं. मी बहीण आहे, सुट्या भागांचं दुकान नाही.

आणि ती लाल तू स्वतः प्यायलास का? प्यायलास म्हणतेय. तुम्ही लोक चाखता आणि थुंकता, ते मला ठाऊक आहे.

रागाने लिहिलंय, मायेने वाच.
ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शनिवारी पाहुणे यायच्या आधी सांगितलं. मालक काळा पेला हातात फिरवत बसले. मग म्हणाले, बारा वर्षांत तू दप्तराचं नाव काढलं नव्हतंस, तेव्हाच शंका आली होती. नोकरी अर्धी राहिली: टाक्या आणि साली माझ्याकडे, हुंगायला दुसरा माणूस येईल. पाहुण्यांसमोर मालक स्वतःच बसले आणि गुलाबीला छातीठोकपणे पांढरी म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी येऊन लाल उघडली. थुंकली नाही. वास आला नाही. पण गिळल्यावर जीभ खरखरीत झाली, गाल आत ओढले गेले. तो सालींचा तुरटपणा. त्याला नाक लागत नाही. नऊ दिवसांचा होता, लवकर जाईना. तो जाईपर्यंत खुर्चीत बसून राहिलो. मग दुसरा घोट घेतला.

मेहुण्यांना चौथी पाठवतोय. लालच आहे, त्यांना सावकाश प्यायला सांग. तुझा लोभ पोचला, आणखीही चालेल.
धाकटा