फुलाचा गुण

४ जून

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आणि तुझे आजोबा लिहितात, नेहमीसारखं. तुझ्या प्रयोगशाळेत ज्या पांढऱ्या फुलाच्या कांद्यावर काम चालतं, त्याच्याच गोळ्या डॉक्टरांनी यांना दिल्यात. कांदा डोळ्यांत पाणी आणतो एवढंच मला ठाऊक. आठवणीही आणतो म्हणे. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाचा चष्मा परवा साखरेच्या डब्यात निघाला! गोळ्यांचा गुण कधी येईल ते कळव. गोळ्यांचा गुण कधी येईल ते कळव. गोळ्यांचा गुण कधी येईल ते कळव.

माया आहेच, ती वाढव.
आजी

१२ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आजोबांना दाखवू नकोस, शेजारच्या शिंपीणबाईंकडून वाचून घे. तुझ्या पत्रात एकच ओळ तीनदा उतरली आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना एका रसायनातून निरोप धाडतात आणि दुसरं रसायन तो लगेच पुसून टाकतं. फुलातला औषधी अर्क, अल्कलॉइड म्हणतात त्याला, त्या पुसणाऱ्याचा हात धरतो, म्हणून निरोप जरा जास्त टिकतो. पण निरोप घेणारी पेशीच मेली असेल तर तो तरी काय करणार? काही महिने बरे जातील, आजी. मग उतरणच. आपले आजोबा परत येणार नाहीत.

तुझ्या मायेची भुकेली,
भिंगरी

२० डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

या वेळी शिंपीणबाई लिहितायत. आजोबांना दाखवू नकोस म्हणून लिहिलंस खरं, पण ते मला वाचून दाखवायचं कोणी? एवढी शिकलीस आणि एवढं सुचलं नाही!

यांनी पत्र आधी मनातल्या मनात वाचलं. बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मग मोठ्याने वाचलं, की फुलाचा गुण उत्तम आहे, थंडीपर्यंत आजोबा पूर्वीसारखे होतील. मी बावळट, शेजारीपाजारी सांगून आले.

पत्र यांच्या खिशातच राहिलं. रोज सकाळी हाताला लागायचं, रोज नव्याने वाचायचे, तितकाच वेळ खिडकीशी उभे राहायचे, आणि मला तेच गोड गोड ऐकवायचे. सहा महिने! परवा संशय आला म्हणून शिंपीणबाईंकडे नेलं. त्या अडखळल्या तेव्हाच मी समजले. परत यांच्या खिशात ठेवून दिलं, नाहीतर हे शोधत बसले असते.

आज सकाळी यांनी पत्र माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, की बाई, मला हे अक्षर लागत नाही, तुम्हीच वाचा. साठ वर्षांत पहिल्यांदा मला अहो-जाहो! मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि हे रोज वाचून दाखवायचे ते सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. ऐकून छान हसले. म्हणाले, की कुणाचे का असेनात, आजोबा बरे होतायत हे चांगलं झालं.

तेव्हा तू नवं पत्र धाडू नकोस. हे मला पाठ आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे.
आजी