बाबासोचा वाटा

कामोठे, ४ जानेवारी

ती. आक्कास धनाजीचा सा. न. वि. वि.

फोन वाजला की दचकतो, म्हणून पत्र. कांद्याच्या पोत्यांची थप्पी कोसळून डोळ्यांदेखत आमच्या हमालांच्या टोळीतला गोटीराम गेला, तेव्हापासून मी मार्केटात पाय ठेवलेला नाही. आता इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. गोळ्या नाहीत. भीती अंगात कुठं जाणवते ते तिथल्या डॉक्टर मॅडम विचारतात. तिथं लक्ष ठेवून हळूहळू बोलायचं. माझ्या छातीवरचा दगड जरा हलका झालाय. पण चिठ्ठ्या टाकल्या, त्यात आपल्या टोळीतल्या बाबासोला उपचाराविना नुसतं थांबायला लागलंय. निम्मे थांबले नाहीत तर गुण उपचाराचा की आपसूक, ते कळत नाही म्हणे. आक्का, तो तर गोटीरामच्या शेजारीच उभा होता.

तुझी माया आहेच, ती असू दे.
धनाजी

कोरेगाव, १३ जानेवारी

चि. धनाजीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. माणसं आहेत की हरभरा, निम्मा पेरायचा नि निम्मा कणगीत ठेवायचा? तुमच्या टोळीत एखादा आजारी पडला तरी हमालीचा वाटा त्याला मिळतो, आणि उपचारात तेवढा दुजाभाव? आणि तू मान खाली घालून गप्प! लहानपणापासूनची खोड तुझी. तुला मिळतंय त्यातलं बाबासोला दे. जेवण वेळेवर कर.

रागावले तरी तुझीच आहे.
वेणूआक्का

कामोठे, २ मार्च

ती. आक्कास सा. न.

तू म्हणालीस तसं केलं. सेशनमध्ये जे शिकायचो ते गच्चीवर बाबासोला सांगायचो. त्यानंच भोळेपणानं मॅडमना सांगितलं, आता झोप लागते म्हणून. झालं! चाचणी बिघडवली म्हणून दोघांचीही नावं कापली. मी पण भडकलो. म्हणालो, टोळीत मिळेल ते वाटून घ्यायचं असतं, हे आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मॅडम म्हणाल्या, आता कुणाला कशानं गुण आला ते कसं कळणार? त्यांचंही खरं असेल, पण बाबासोनं काय झोपायचं नाही?

आता इस्पितळात कुणी विचारणारं नाही म्हणून काल दोघंच मार्केटात गेलो. थप्पी दिसली आणि मी मागं फिरलो. बाबासोनं हात धरला आणि अगदी मॅडमसारखं विचारलं, अंगात कुठं जाणवतंय. मी म्हणालो, पोटऱ्यांत. तो थांबला, मीही थांबलो. मग त्यानं माझ्या पाठीवर पोतं दिलं.

राग गेला की लिही. नाही गेला तरी लिही.
धनाजी