दुसरं मुसळ

प्रिय देलफिन,

बोलतेय मी, तुझी आई, लिहितेय तुझी भाची लुनिंग. अक्षर चांगलं असेल तर तिचं, बाकी सगळं माझं.

ही पोर जोडप्यांची सहल आखतेय. मनिलाहून सहा जोडपी येणार, दोन दिवस. पहिल्या दिवशी टोप्या विणणाऱ्या बायका, संध्याकाळी नारळाची दारू, सगळ्यांना मिळून एकच पेला. दुसऱ्या दिवशी केळीच्या पानावरचे शेवयांचे पान्सित, हात न लावता थेट तोंडानं खायचे. मी म्हटलं, नवऱ्याचं तेलकट तोंड पाहूनही जी बायको हसेल तिचं लग्न टिकेल, बाकीच्यांना परतीची बस लवकरची दे. शेवटी आपल्या अंगणात निलुपाक, उकडलेली केळी दोघांनी दोन मुसळांनी आळीपाळीनं कुटून. छापील कागदावर मी आणि तुझा बाप उखळाशी समोरासमोर उभे आहोत. फोटो फेब्रुवारीतला, कागद आले तो गेल्यावर.

आजीची काळजी वाटून लुनिंग म्हणाली, "लोला, हे रद्द करू." मी म्हटलं, केळी उकडता येतात मला, रद्द कशाला? मग तिनं शेजारच्या उर्बानोला उभं केलं. तो उजव्या हाताचा. चौथ्या घावाला मुसळावर मुसळ आदळलं. म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही मध्येच थांबता." मी थांबत नव्हते रे. माझा घाव झाला की तुझ्या बापाचा यायचा, तेवढी जागा हात आपोआप सोडतो. बावन्न वर्षांची खोड.

मी रडले नाही, हे तुझ्या बहिणीनं तुला कळवलंच असेल. गावात म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, पाय बधिर झाल्यावर जमीन लागते पण आपली वाटत नाही, तसं चाललंय. कॉफी करते, गार झाली की पिते. अजून दोन कप काढते, एक परत फडताळात ठेवते.

तू मातीला आला नाहीस. सेबूच्या हॉटेलात चाकरी धरलीस तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्या खांद्यालाही येऊ नकोस." आयुष्यात बापाचं एवढं एकच ऐकलंस. आणि त्या हट्टी म्हाताऱ्यानं तुझं मुसळ कुणाला हात लावू दिलं नाही. तेल लावून आढ्याला टांगलं. घरात डावखुरे दोघंच, तो आणि तू. बाराव्या वर्षी त्यानंच तुला उखळाशी उभं केलं होतं.

सहलीचा दुसरा दिवस, शनिवार, हा त्याचा चाळिसावा दिवस. लुनिंगच्या लक्षात आलं नव्हतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. चाळीस दिवस माणूस घराभोवतीच असतो, मग निघतो. निघण्याआधी त्याच्या पानावर निलुपाकचा पहिला घास ठेवायचाय आणि तो एकटीनं कुटता येत नाही. जोडी नवरा-बायकोचीच हवी असं उखळाला कुठे ठाऊक असतं? खांद्याला येऊ नकोस म्हणाला होता. मुसळाला येऊ नकोस असं तो कधीच म्हणाला नव्हता.

तुझीच,
नानय
(हा माझा अंगठा. शाई लुनिंगनं जास्तच लावली.)