सहा नंबरवरचे ऐंशी सेकंद

पडप्पै, चेन्नई
९ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. हा नमस्कार बसूनच केला आहे, कारण दिवसभर उभं राहून पाय माझं ऐकेनासे झालेत.

परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं की आम्ही सीट बनवतो. तुम्हाला ऐकू आलं 'शीट', आणि तुम्ही आईला सांगितलंत की पोरगी चेन्नईत पत्रे कापते. त्यामुळे यापुढे कामाचं सगळं पत्रानेच. तुमचे कान दगा देतात, डोळे अजून खणखणीत आहेत.

तर आम्ही ट्रक ड्रायव्हरच्या सीट बनवतो. ओरगडमचा आमचा कारखाना काही फार मोठा नाही, पण लाइन तीन माझ्याकडे आहे आणि मला तिचा अभिमान आहे. अकरा स्टेशनं. पहिल्यावर लोखंडी फ्रेम चढते, मग फोम, मग कव्हर, मग बाजूची प्लास्टिकची झाकणं, आणि अकराव्यावर तपासणी होऊन सीट बाहेर. सगळ्या बायकाच आहेत, वालाजाबाद-कांचीपुरमकडून कंपनीच्या बसने येतात. आत्ता तासाला चव्वेचाळीस सीट निघतात. ग्राहकाला नोव्हेंबरपासून बावन्न हव्या आहेत. म्हणजे कुठल्याही स्टेशनला एका सीटमागे एकोणसत्तर सेकंदांहून जास्त लागता कामा नयेत. हे बसवणं माझं काम. शेजारी कुणी विचारलं की इंडस्ट्रियल इंजिनीअर करते काय, तर सांगा, माणूस, यंत्र आणि वेळ यांची सोयरीक जुळवते.

तीन दिवस घड्याळ घेऊन मोजलं. दहा स्टेशनं पासष्टच्या आसपास आहेत. फक्त सहा नंबरला ऐंशी. तिथे कव्हर ओढून खालच्या क्लिपांत अडकवायचं असतं. तिथली वाणी चाळिशीची आहे, मूळ तंजावरची, आणि घरी मराठी बोलते. 'झालं'ला 'जालें' म्हणते, मध्येच तमिळ येतं, पण ऐकायला इतकं गोड की मी उगाच तिच्याशी बोलायला जाते. वाईट वाटलं, तरी आकडा तो आकडा. दुसऱ्या शिफ्टची मुलगी तेच काम चौसष्ट सेकंदांत करते. मी अहवाल दिलाय की वाणीला फोम कटिंगला हलवावं. आमचे प्लँट मॅनेजर राजगोपाल सर कुणाची स्तुती करत नाहीत. माझ्या अहवालाला त्यांनी 'स्वच्छ' म्हटलं. ऑक्टोबरातल्या आयुधपूजेनंतर बदल होईल.

आईला सांगा, रसम मला जमायला लागलंय. तुमची माया आहेच, तिच्यात कपात करू नये.

तुमची,
इरा

सांगली
१७ सप्टेंबर २०२४

चि. इरास,

अ. उ. आ. पत्र पोचलं. पत्र्यांचा गैरसमज दूर झाला, पण तोवर मी पूर्ण गल्लीला सांगून बसलो होतो. आता कुणाकुणाकडे जाऊन दुरुस्ती करू?

तुझं पत्र दोनदा वाचलं. आकडे चोख आहेत. एकच विचारतो. त्या बाईला इतरांपेक्षा पंधरा सेकंद जास्त लागतात, तर त्या पंधरा सेकंदांत ती करते काय? ती गप्पा मारते का, क्लिप शोधते का, की दमून थांबते? तू ऐंशी लिहिलंस, पण ऐंशीच्या पोटात काय आहे ते लिहिलं नाहीस. तुझ्या अहवालात असेल तर मला कळव. नसेल तर परत जाऊन बघ.

बघायला जाशील तेव्हा घड्याळ टेबलावर ठेवून जा. घड्याळ दिसलं की माणसाचा हात बदलतो, मग तो चांगला असो की कामचुकार. आणि मागे उभी राहू नकोस. मागे उभ्या असलेल्या माणसासाठी कुणी मोकळेपणी काम करत नाही. बाजूला, तिला तू दिसशील अशी उभी राहा. तिच्या डाव्या हाताकडे बघ. उजवा हात साहेबाला दिसेल असं काम करतो, डावा हात खरं काम करतो. चौतीस वर्षं कारखान्यात काढली त्यातून एवढं शिकलो.

तुझी आई म्हणते, रसम जमलं तर पोळ्या विसरू नकोस.

आशीर्वाद तुझ्या नावावर कायमचे जमा आहेत.

तुझा,
बाबा

पडप्पै, चेन्नई
२८ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. खरं सांगते, तुमच्या पत्राचा मला राग आला होता. चार वर्षं हे शिकले, दोन वर्षं करतेय, आणि बाबा सांगलीहून विचारतात की पोटात काय आहे. मग ध्यानात आलं की राग आला तो उत्तर नव्हतं म्हणून.

दोन दिवस पूर्ण शिफ्ट सहा नंबरच्या बाजूला उभी राहिले. पहिल्या दिवशी वाणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला तिच्या डब्यातला लिंबूभात दिला, आणि त्यानंतर तिचा हात सैल झाला. बाबा, डाव्या हाताचं तुमचं बरोबर आहे. कव्हर तिच्याकडे येतं तेव्हा त्याची मधली शिवण एका बाजूला सरकलेली असते, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. वाणी डाव्या तळव्याने फोम दाबून धरते, शिवण ओढून मध्यावर आणते, आणि मगच क्लिपा लावते. चौदा-पंधरा सेकंद जातात ते यात. हे काम कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

मी विचारलं की हे का करतेस. ती म्हणाली की ती आधी दोन वर्षं नऊ नंबरवर होती. तिथे बाजूची झाकणं बसवतात. शिवण वाकडी असली की झाकण बसत नाही, अंगठ्याने रेटावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत नखाखालून रक्त येतं. आता नऊ नंबरवर दुसरी मुलगी आहे. तिचे अंगठे वाचावेत म्हणून वाणी शिवण सरळ करून पुढे पाठवते.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. परत आलेल्या सीटची नोंद पाहिली. वाणीच्या शिफ्टमध्ये दिवसाला दोन. चौसष्ट सेकंदांवाल्या दुसऱ्या शिफ्टमध्ये चौदा.

आता अडचण अशी आहे. अहवाल सरांकडे गेलाय, त्यावर माझी सही आहे, आणि सरांनी तो ग्राहकाच्या माणसांना कळवलाही आहे. मागे घ्यावा तर माझ्या हातात दुसरा उपाय नाही, कारण वाणीला जागेवर ठेवलं तर बावन्न होत नाहीत. आणि तिने शिवण सोडून दिली तर बावन्न होतात, पण वाकड्या. ऑक्टोबरमध्ये माझ्या बढतीचं ठरायचं आहे हेही तुमच्यापासून लपवत नाही. सुचेल ते लिहा, लवकर लिहा.

जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची,
इरा

सांगली
४ ऑक्टोबर २०२४

चि. इरास,

तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी तुझ्या बाबांच्या पत्राबरोबर एकाच पाकिटात घालते आहे. त्यांना ठाऊक नाही. त्यांनी तुला चार ओळी लिहिल्यात की तुझं मन सांगेल तसं कर. एवढंच लिहून ते गॅलरीत जाऊन बसले, म्हणून मी पेन घेतलं.

तुला वाटतं बाबांचे कान वयाने गेले. तसं नाही. पंपांच्या कारखान्यात ते आधी असेंब्लीला होते. शाफ्ट बसवला की घट्ट करण्यापूर्वी बोटाने फिरवून पाहायचे, कुठे अडतोय का. त्यांचा पंप कधी परत आला नाही. शहाण्णव साली पुण्याहून एक तरुण इंजिनीअर आला. एक सकाळ घड्याळ लावून मोजलं आणि लिहून गेला की हा माणूस संथ आहे. महिनाभरात यांना प्रेस शॉपला टाकलं, जिथे पत्रे ठोकणारी यंत्रं दिवसभर कानठळ्या बसवतात. अकरा वर्षं तिथे काढली. पहिल्या वर्षी रात्री घरी आले की मी बोललेलं त्यांना भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं, मग तेवढंही ऐकू येणं कमी झालं.

तू हीच शाखा निवडलीस त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी विचारलं की पोरीला सांगू का. तर म्हणाले, सांगायचं नाही, ती आपल्या हिशोबाने शिकेल. दुसऱ्या दिवशी स्वतः रांगेत उभं राहून तुझा प्रवेश घेऊन आले.

मी हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. तू हुशार आहेस आणि घाबरट नाहीस. बाबांना ह्यातलं काही बोलू नकोस. पोळ्या करतेस ना?

कायम तुझी,
आई

पडप्पै, चेन्नई
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. तुमच्या चार ओळी मिळाल्या आणि पुरल्या.

आठ तारखेला सकाळी राजगोपाल सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की माझा अहवाल चुकीचा आहे, मी तो मागे घेते. त्यांनी शांतपणे विचारलं की त्या जागी काय देणार. मी म्हटलं, अजून माहीत नाही. बाबा, एवढी वाईट दोन मिनिटं मी नोकरीत काढली नव्हती. शेवटी ते म्हणाले की सतरा तारखेला ग्राहकाची माणसं येतील, त्यांच्यासमोर तासाभरात बावन्न सीट निघाल्या नाहीत तर जुना अहवाल लागू. म्हणजे वाणी कटिंगला, आणि मी सरांच्या मनातून उतरलेली.

मी वाणीकडेच गेले. तिला विचारलं की शिवण पहिल्यापासून वाकडी येते का. ती म्हणाली नाही, गेल्या वर्षापासून. म्हणजे कुठेतरी काहीतरी बदललं होतं. पाच नंबरला कव्हरला हातच लागत नाही, फक्त स्क्रू लागतात. चार नंबरला कव्हर फोमवर ठेवतात, तेव्हा त्याची दोन भोकं सीट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या दोन पिनांत बसवतात. इथे आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळी यंत्रं धुऊन पुसून चंदनकुंकू लावतात. त्यासाठी दहा तारखेला साचा उतरवलाच होता. मेंटेनन्सचा अशोक म्हणाला, पिन दिसायला ठीक आहे. मी म्हटलं, मोजून दाखव. उजवी पिन दहा मिलिमीटर भरली. डावी झिजून साडेसातवर आली होती. मोकळ्या पिनेवर कव्हर सरकत होतं, ते सरकलेपण वाणी रोज साडेतीनशे वेळा हाताने भरून काढत होती, आणि मी त्याला संथपणा म्हटलं होतं.

नव्या कडक पोलादाच्या पिना पूजेच्या दुसऱ्याच दिवशी बसवल्या. चौदा तारखेला वाणीला त्रेसष्ट सेकंद लागले. सतराला पाहुण्यांसमोर तासाभरात त्रेपन्न सीट निघाल्या. सरांनी मला फक्त मान हलवून दाखवली, पण ती दोनदा हलवली.

वाणीला मला स्वतः सांगायचं होतं. तिच्याविरुद्ध मी काय लिहिलं होतं ते बसच्या रांगेत उभी राहून सांगितलं. तिला ते पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस असं मी विचारलं. ती म्हणाली की पिनेबद्दल तिचं सुपरवायझरला दोनदा सांगून झालं होतं, वहीत 'पाहिले, ठीक आहे' असा शेरा पडला होता. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर लोकांनी त्याला सबब म्हटलं असतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, सांगायला आलीस हें बरें जालें, आतां उद्यां दहा नंबरला ये, तिथेंही एक गोष्ट आहे.

सरांनी विचारलं की जुना अहवाल संगणकातून काढून टाकायचा का. मी नको म्हटलं. नवीन येणाऱ्या इंजिनीअर मुलांना दोन्ही एकत्र वाचायला द्यावेत. जुन्यावर मी सहीनिशी लिहिलंय, 'हे चुकले, कारण मी सहा नंबरला पाहिले आणि चार नंबरला पाहिले नाही.'

बढतीचं पुढच्या मार्चला पाहू म्हणाले. मला चालेल.

आठवण काढता ना? काढत राहा.

तुमची,
इरा

सांगली
२९ ऑक्टोबर २०२४

चि. इरास,

अ. उ. आ. तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. जरा जास्तच मोठ्याने वाचलं असावं, कारण खालचे जोशी वर येऊन विचारून गेले की कुणाची पिन झिजली.

मागच्या खेपेला पाकीट माझ्या चार ओळींच्या मानाने जड होतं. पोस्टात मीच टाकलं ते. तुझ्या आईने काय लिहिलं ते मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पण तुझ्या पत्राचा सूर बदलला तेव्हा कळलं. असो. मग आता एक गोष्ट मीही सांगून टाकतो, जी तुझ्या आईलाही माहीत नाही.

तो इंजिनीअर वाईट नव्हता. चोवीस-पंचवीसचा असेल. मोजणी संपल्यावर तो माझ्याजवळ आला होता आणि त्याने विचारलं होतं की तुम्ही शाफ्ट बोटाने का फिरवता. माझ्या डोक्यात राग होता. कालच्या पोराला मी काय समजावू, असं वाटलं. मी म्हटलं, सवय आहे. त्याने वहीत 'सवय' लिहिलं आणि गेला. इतकी वर्षं मी त्याला दोष दिला, पण त्याने विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही, हे मी कुणाजवळ बोललो नाही. वाणीने दोनदा सांगितलं. मी एकदाही नाही.

म्हणून तुला एवढंच सांगतो. कुणी 'सवय आहे' म्हणालं तर तिथून हलू नकोस. पुन्हा विचार. राग ओसरेपर्यंत थांब, आणि मग पुन्हा विचार.

दिवाळी झाली की आम्ही दोघं चेन्नईला येतो. तिकिटं काढली आहेत. वाणीबाईंना कळव की सांगलीचा एक जुना फिटर त्यांना भेटायला येतोय आणि त्याच्याशी जरा मोठ्याने बोलावं लागेल.

तुझा,
बाबा