चकचकीत नळी

उस्ताद, तुमचं चुकलं होतं. तुमच्यासमोर हे म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. आता तुम्हाला जाऊन बारा वर्षं झालीत, तेव्हा म्हणते. रागवायचं असेल तर खुशाल रागवा. बुलढाण्याच्या पोलीस मुख्यालयात ज्या स्टुलावर बसून तुम्ही जन्मभर पिस्तुलं दुरुस्त केलीत, त्याच स्टुलावर आता मी बसते. म्हणजे मला बोलायचा हक्क आहे.

गेल्या महिन्यात एक फौजदार मुलगी माझ्याकडे आली. वरवट बकालची, नोकरीला तीनच वर्षं झालेली. वार्षिक चांदमारीत ती दोनदा नापास झाली होती. दहातल्या चार गोळ्या फलकावर, बाकीच्या मागच्या मातीत. मैदानावरच्या शहाण्यांनी निकाल देऊन टाकला होता, की मनगटात जोर नाही, बाईमाणसाचा हात. तिसऱ्यांदा नापास झाली की ठाण्यातून काढून तिला कार्यालयात टपालाच्या टेबलावर बसवणार होते. तिने पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ताई, खरं सांगजा. माह्या हातातच खोट हाये काय? तसं असन तर मी टपाल सांभाळतो, पण आधी मले खरं समजू द्या." डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या, राग होता. मला ती तिथेच आवडली.

मी तुम्ही शिकवलं तसंच केलं. नळी काढली, उजेडाकडे धरली, आत पाहिलं. आरशासारखी चकचकीत. तुमच्या हिशेबाने तपासणी इथेच संपली. नळी चमकते म्हणजे पिस्तूल ठणठणीत, आणि पिस्तूल ठणठणीत म्हणजे दोष हाताचा. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण तिच्याकडे पाहून ते बोलवेना.

मग मी तिला चांदमारीच्या मैदानावर घेऊन गेले. आधी नेम धरायची माशी हलवून पाहिली, घट्ट होती. नळीवरची सरकती स्लाइड डावी-उजवीकडे ढकलून पाहिली, खुळखुळत नव्हती. वाळूच्या पोत्यावर हात टेकवून तिला दहा गोळ्या मारायला लावल्या. भोकं फलकभर विखुरलेली, नुसती चाळणी. त्याच पिस्तुलाने मी मारल्या, तरी चाळणीच, आणि दोन भोकं तर गोल नव्हती, लांबुळकी होती. म्हणजे गोळी सरळ न जाता आडवी होत होती. दुसऱ्या पेटीतली काडतुसं घेतली, काही फरक नाही. शेवटी तिच्या पिस्तुलात दुसऱ्या पिस्तुलाची नळी बसवली आणि तिच्याच हाती दिलं. दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत! मुलीने पिस्तूल मोकळं केलं, खाली ठेवलं आणि फलकापाशी जाऊन त्या भोकांवर स्वतःचा तळहात ठेवून पाहिला. 

परत येऊन तुमचं भिंग काढलं. रोहिणखेडच्या तुमच्या घरून निघताना तुम्ही माझ्या मुठीत कोंबलं होतं तेच, घड्याळजीचं. त्यातून मी नळीच्या आत नाही, तोंडाकडे पाहिलं. गोळी बाहेर पडते ती कड खालच्या बाजूने खाल्ली गेली होती, आणि तिथून दोन बोटं आतपर्यंत गोळीला फिरवणाऱ्या खाचा घासून सपाट झालेल्या. कवायतीचं नकली काडतूस उलटं धरून नळीच्या तोंडात घातलं, तर गोळी पार कवचाच्या काठापर्यंत आत गेली; नळी शाबूत असती तर मध्येच अडली असती. गोळ्या झाडून नळी झिजली असती तर आधी मागच्या बाजूने, काडतूस बसतं तिथून झिजली असती. ती बाजू नव्यासारखी होती. ही झीज झाडण्याची नव्हती, उस्ताद. घासण्याची होती.

आठवतं ना? वार्षिक तपासणीच्या आधीचा आठवडा. रांगेने पिस्तुलं मांडलेली, तुमच्या हातात लोखंडी गज, गजाला गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि तुम्ही तोंडाकडून घासताय, खसाखसा, कारण नळी काढून मागून साफ करायला वेळ लागतो. मी नवीन होते. पिंपळगाव राजाहून आलेली, तोंडाने जरा फटकळ. मी म्हटलं, पुस्तकात तर मागून घालायला सांगितलंय, तेही नरम चिंधीने. तुम्ही गज टेबलावर आपटला. "पुस्तकानं बंदूक साफ होते काय? मले शिकवून राह्यली तू? साहेबाले आपलं तोंड दिसलं पाह्यजे त्या नळीत!" सगळे हसले. मी मान खाली घालून गज उचलला.

आणि तो हवालदार आठवतो का, जिल्ह्याच्या नेमबाजी संघात पहिला येणारा? एका वर्षी त्याच्या गोळ्या भरकटायला लागल्या. तुम्ही नळीत एकदा डोकावलात आणि म्हणालात, "पिस्तुलाले काही झालं नाही. हात थरथरते त्याचा." संघातून गेला तो. निवृत्तीच्या दिवशीही स्वतःचा उजवा हात पुढे धरून बघत होता. त्याचा हात कधीच थरथरत नव्हता, उस्ताद. चहाचा कप मी त्याच्या हातात दिला आहे.

मी अहवाल लिहिला. नळी निकामी, कारण शस्त्रागारातली चुकीची सफाई. साहेबांनी बोलावून घेतलं. "कशाला उगाच आपल्याच घरची घाण उकरता? अतिवापराने झिजली असं लिहा, विषय संपला. म्हाताऱ्याचं नाव खराब होईल." मी म्हटलं, अतिवापराने झिजलेली नळी अशी दिसत नाही, खोटं लिहिणार नाही, बदली करायची तर करा. कागद तसाच वर गेला. बदलीचं अजून काही कळलं नाही. ती मुलगी नव्या नळीने पास झाली, ठाण्यातच आहे. मी लोखंडी गज मोडीत टाकले आणि उरलेली सगळी पिस्तुलं तोंडाकडून तपासायला घेतली. आतापर्यंत सात निकामी निघाली. तुमचं नाव खराब होत असेल तर होऊ दे. त्या हवालदाराच्या हाताचं झालंच होतं ना?

हे पत्र कुठे टाकणार मी? राहील इथेच, खणात. पण खोटं लिहिणार नाही म्हणाले, तर तुम्हालाही नाही. त्या सातांपैकी चार पिस्तुलं तुम्ही गेल्यानंतर आलेली आहेत. तुमचा हात त्यांना लागलेलाच नाही. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती, गज आपटायला तुम्ही नव्हता, पुस्तक कपाटातच होतं. तरी मी बारा वर्षं तोंडाकडूनच घासत राहिले. तपासणीला आलेले साहेब नळीत डोकावून म्हणायचे, "वा! उस्तादांचीच शागीर्द!" ते ऐकायला मला फार आवडायचं.